मंजूर झाला, पण आला का? खान्देशात सरकारी निधीचा माग काढण्याची रीत

धुळ्यातून जाणाऱ्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 सप्टेंबर 2024 रोजी मान्यता दिली. लांबी 309 किलोमीटर, खर्च 18,036 कोटी. तापीचं पाणी जमिनीत मुरवण्याच्या तापी मेगा रिचार्ज प्रकल्पासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात 10 मे 2025 रोजी भोपाळमध्ये सामंजस्य करार झाला. सुलवाडे-जामफळ-कानोली उपसा सिंचन योजनेचं भूमिपूजन 16 फेब्रुवारी 2019 ला पंतप्रधानांच्या हस्ते धुळ्यात झालं. अमळनेर तालुक्यातल्या पाडळसे धरणाची गोष्ट तर आपल्याकडे दुसऱ्या पिढीने ऐकायला घेतली आहे.

यातल्या प्रत्येक बातमीत एक मोठा आकडा होता आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ वेगळा होता. गावात मात्र एकच प्रश्न विचारला जातो, "पैसा उना का?", म्हणजे पैसा आला का? त्या प्रश्नाचं नेमकं उत्तर कागदावरून कसं काढायचं आणि उत्तर समाधानकारक नसेल तर ते विधिमंडळाच्या समितीसमोर कसं न्यायचं, हे इथे सांगतो. नव्याने निवडून आलेले ग्रामपंचायत सदस्य, तालुक्याला बातमीदारी सुरू केलेली मुलं-मुली आणि ग्रामसभेत उठून बोलायची हिंमत असलेली कोणतीही व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

पहिलं काम: आकडा कोणत्या पायरीवरचा आहे ते ओळखा

ही पायरी चुकली की पुढचं सगळं चुकतं, म्हणून इथे जरा थांबू या.

सरकारी पैसा गावापर्यंत येतो तो अनेक पायऱ्या उतरून. आधी घोषणा किंवा करार. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे "हे काम एवढ्या रकमेपर्यंत करायला हरकत नाही" असा शासन निर्णय. मग अर्थसंकल्पात त्या वर्षासाठी तरतूद. मग तरतुदीतून प्रत्यक्ष वितरण. मग खर्च. आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला कार्यालयात सगळे युसी म्हणतात.

करारात पैसा नसतो. प्रशासकीय मान्यतेतही नसतो. मान्यता म्हणजे खर्चाची कमाल मर्यादा, आणि ती वर्षानुवर्षं "सुधारित" होत जाते. पाडळसेचंच पाहा. 1999 च्या सुमारास काम सुरू झालं तेव्हाचा अंदाज दीडशे कोटींच्या आत होता, आज तो हजारो कोटींत गेला आहे. दर वेळी सुधारित मान्यता मिळाली की फटाके वाजतात. पण त्या मान्यतेचा खरा अर्थ असा की तेच काम आता आणखी महाग झालं. त्या दिवशी विचारायचा प्रश्न एकच: यंदाच्या अर्थसंकल्पात या कामासाठी किती तरतूद आहे?

मनमाड-इंदूरचंही तसंच. 18,036 कोटी हा पूर्ण मार्गाचा, अनेक वर्षांचा आकडा आहे. यंदा किती, हे रेल्वेच्या ज्या कागदपत्रात प्रकल्पवार लिहिलेलं असतं त्याला पिंक बुक म्हणतात. ते केंद्रीय अर्थसंकल्पानंतर रेल्वेच्या संकेतस्थळावर येतं. मध्य रेल्वेचं पान उघडा, मार्गाचं नाव शोधा, यंदाची रक्कम वहीत उतरवा, पुढच्या वर्षी परत हेच करा. तीन-चार वर्षांच्या नोंदी एकाखाली एक आल्या की भाषणांची गरज उरत नाही.

राज्याच्या पैशासाठी अर्थसंकल्पाची पुस्तकं खात्याच्या इंग्रजी अक्षराने ओळखली जातात. ग्रामविकास 'एल', आदिवासी विकास 'टी', जलसंपदा 'आय'. प्रत्येक खर्चाला एक लेखाशीर्ष असतं, आकड्यांची लांब साखळी. ती साखळी शासन निर्णयात छापलेली असते. ती टिपून ठेवा, कारण योजनेचं नाव दर दोन-तीन वर्षांनी बदललं तरी पैशाची वाट बहुतेकदा याच आकड्यांवरून सापडते. वितरण झालं की नाही हे राज्याच्या निधीवाटपाची नोंद ठेवणाऱ्या बीम्स या प्रणालीत नोंदलं जातं. तिथे तरतूद आणि वितरण यांचे रकाने वेगवेगळे असतात. मार्च महिन्यात त्या दोन रकान्यांतलं अंतर अवश्य पाहा.

31 मार्चला न वापरलेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे ती संपते. त्याला अपवाद आहेत. जिल्हा परिषदेला जिल्हा नियोजनातून मिळालेला निधी खर्च करायला साधारण दोन आर्थिक वर्षं मिळतात. म्हणून "निधी परत गेला" असं लिहिण्याआधी तो कोणत्या यंत्रणेकडे होता ते तपासा. शिवाय मार्चअखेर पैसा काढून दुसऱ्या खात्यात, विशेषतः पीएलए म्हणजे स्वीय प्रपंजी लेख्यात, ठेवला गेला तर कागदावर तो खर्च दिसतो आणि जागेवर काहीच नसतं. लेखापरीक्षकांचा हा जुना आक्षेप आहे आणि तो योग्यच आहे.

दुसरं काम: पैसा कोणाचा, हे वेगळं करा

जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं. महाराष्ट्रात त्याचा खर्च केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मानिम्मा आहे. ग्रामीण घरकुलात केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के. बळीराजा जलसंजीवनी योजनेत, जिच्यात आपल्याकडचं सुलवाडे-जामफळही आहे, केंद्राचा वाटा 25 टक्क्यांच्या आसपास धरलेला आहे. म्हणजे "केंद्राची योजना" या दोन शब्दांनी काहीच कळत नाही.

वाट्याच्या योजनांमध्ये केंद्राचा पुढचा हप्ता बहुधा दोन गोष्टींवर अडतो: मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, आणि राज्याने आपला हिस्सा घातला का. काम रखडलं की दिल्लीवाले मुंबईकडे बोट दाखवतात आणि मुंबईवाले दिल्लीकडे. तुम्ही फक्त दोन तारखा मागा. केंद्राचा हप्ता राज्याला कोणत्या तारखेला मिळाला? राज्याने आपला हिस्सा जोडून तो योजनेच्या खात्यात कोणत्या तारखेला टाकला? या दोन तारखांनी निम्मा वाद मिटतो.

वित्त आयोगाचं अनुदान ही योजना नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद 280 खालच्या आयोगाच्या शिफारशीने ते येतं. पंधराव्या आयोगाच्या काळात, 2021 ते 2026, आपल्या राज्यात ग्रामीण अनुदानाचे 80 टक्के ग्रामपंचायतींना, 10 टक्के पंचायत समित्यांना आणि 10 टक्के जिल्हा परिषदेला अशी वाटणी होती. त्यातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला, म्हणजे बंधित. राज्याने पैसा आल्यावर दहा कामाच्या दिवसांत तो खाली पाठवायचा, उशीर झाला तर व्याजासह. आणि महत्त्वाची अट अशी की निवडून आलेलं सभागृह नसेल तर हे अनुदान अडतं. जळगाव जिल्हा परिषदेवर मार्च 2022 पासून प्रशासक आला, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हा परिषदांची मुदतही 2025 च्या सुरुवातीला संपली. निवडणूक लांबली म्हणजे फक्त सदस्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या असं नाही, हातपंपांचा आणि गटारींचा पैसाही लांबला. हे लोकांना सांगितलंच पाहिजे.

आदिवासी भागासाठी आणखी दोन वाटा आहेत. अनुच्छेद 275 च्या पहिल्या परंतुकाखाली केंद्राकडून येणारं अनुदान ही एक. दुसरी पेसा ग्रामपंचायतींना, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या पंचायतींना, थेट मिळणारा, राज्याच्या आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. नंदुरबार, शहादा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल आणि रावेर यांचा काही भाग आहे. तुमचं गाव यादीत आहे का हे आधी पाहा. असेल तर पेसा कायद्याप्रमाणे खर्चाचं प्रमाणपत्र देण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. ग्रामसभा न घेता सही झालेलं प्रमाणपत्र हाती आलं तर ते प्रकरण समितीपर्यंत न्यायच्या लायकीचं आहे.

तिसरं काम: योग्य समिती निवडा

विधिमंडळात पैशावर लक्ष ठेवणाऱ्या समित्या पक्षभेद न ठेवता, दोन्ही सभागृहांच्या सदस्यांतून बनतात. नव्या माणसाची गल्लत होते ती कोणती समिती काय पाहते यात.

लोकलेखा समिती झालेला खर्च पाहते. तिच्यासमोर भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांचे अहवाल येतात. अनुच्छेद 151 प्रमाणे राज्याच्या लेख्यांवरचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि तिथून विधिमंडळासमोर ठेवला जातो. अंदाज समिती खर्चाचे अंदाज आणि त्यात काटकसर कुठे होऊ शकते हे पाहते, आणि ती जिल्ह्यात दौरेही करते. सार्वजनिक उपक्रम समितीकडे महावितरण, एसटी यांसारख्या संस्था. अनुसूचित जमाती कल्याण समितीसमोर आश्रमशाळा, वसतिगृहं, आदिवासी उपयोजना. नंदुरबारमध्ये काम करणाऱ्याने या शेवटच्या समितीचे जुने अहवाल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आश्वासन समितीकडे लोक दुर्लक्ष करतात. मंत्री सभागृहात "तीन महिन्यांत काम पूर्ण करू" म्हणाले की ते वाक्य नोंदीत जातं, आणि ते पूर्ण झालं का याचा पाठपुरावा ही समिती करते. सभेतल्या घोषणेला हे संरक्षण नाही. फक्त सभागृहात दिलेल्या शब्दाला आहे. म्हणून आपल्या आमदाराने मंत्र्याकडून उत्तर सभागृहात घेणं फार मोलाचं.

केंद्राच्या वाट्यासाठी संसदेच्या विभागीय स्थायी समित्या पाहाव्यात. ग्रामविकास, जलसंपदा, आदिवासी कार्य यांच्या अनुदानाच्या मागण्यांवरचे अहवाल बहुधा मार्चच्या आसपास येतात आणि त्यांत राज्यवार आकडे सापडतात. लोकसभेतल्या अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराच्या, प्रश्नांच्या उत्तरांतही हे आकडे असतात. जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार असे आपले चार खासदार, त्यांचे प्रश्न संकेतस्थळावर नावाने शोधता येतात.

चौथं काम: कॅगचा पॅरा वाचायला शिका

अहवालाची जाडी पाहून घाबरू नका. पहिल्या पानापासून वाचू नका. फाइल उघडा आणि जळगाव, धुळे, नंदुरबार, तापी हे शब्द शोधा, इंग्रजीतल्या फाइलमध्ये इंग्रजी हिज्ज्यांनी. मग परिशिष्टं पाहा. नमुना तपासणीसाठी निवडलेले जिल्हे आणि तालुके तिथे असतात. आपला जिल्हा नमुन्यात असेल तर अर्धं काम झालं.

पॅरा म्हणजे अहवालातला एकेका आक्षेपाचा परिच्छेद. त्याची घडण ठरलेली असते: नियम काय होता, प्रत्यक्षात काय आढळलं, त्यामुळे किती नुकसान झालं, विभागाने काय उत्तर दिलं, आणि ते उत्तर लेखापरीक्षकाला का पटलं किंवा पटलं नाही. शेवटचे दोन भाग सर्वांत महत्त्वाचे, कारण समितीच्या साक्षीत सचिवांना नेमकं तेच विचारलं जातं. राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचा कॅगचा वेगळा अहवाल असतो. प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रांसाठी तो पाहा.

एक गोष्ट मनाशी धरा. पॅरा येईपर्यंत घटनेला काही वर्षं उलटलेली असतात. तेव्हाचे अभियंता बदलून गेलेले असतात, कधी निवृत्त झालेले असतात. म्हणूनच गावपातळीवर आज जमवलेला कागद मौल्यवान आहे.

पीआरसी येते तेव्हा

जिल्हा परिषदेत ज्या समितीच्या नावाने फाइलींवरची धूळ झटकली जाते ती पंचायती राज समिती, सगळ्यांच्या तोंडी पीआरसी. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांवरचे आक्षेप ही तिची मुख्य सामग्री.

दौरा साधारण तीन दिवसांचा असतो. पहिल्या दिवशी विश्रामगृहावर लोकप्रतिनिधींशी चर्चा, मग जिल्हा परिषदेच्या सभागृहात मुख्य कार्यकारी अधिकारी आणि खातेप्रमुखांची साक्ष. दुसऱ्या दिवशी गट पाडून तालुक्यांना भेटी: शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत. तिथून परत येऊन पुन्हा साक्ष. त्या दिवशी शाळेत पोषण आहाराची चव घेतली जाते, दवाखान्यात हजेरीपट उघडला जातो.

तुमची तयारी दौऱ्याच्या पंधरा दिवस आधी सुरू व्हावी. जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन किंवा वित्त विभागात विचारा, कोणत्या वर्षाचे लेखापरीक्षा अहवाल तपासले जाणार आहेत. समिती त्या वर्षांच्या आक्षेपांवर साक्ष घेते. गेल्या महिन्यातल्या कामाची तक्रार घेऊन गेलात तर ती "संबंधितांकडे पाठवू" यात जिरते. त्याच वर्षाचा, त्याच तालुक्याचा, आक्षेपातल्या विषयाशी जोडलेला कागद असेल तर सदस्य तो साक्षीत वापरू शकतात.

निवेदन एका पानाचं ठेवा. कामाचं नाव, प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक आणि तारीख, कार्यारंभ आदेशाची तारीख, मोजमाप पुस्तिकेतली नोंद, प्रत्यक्ष परिस्थितीचा तारखेसह फोटो आणि शेवटी दोन प्रश्न. दोनच. "सखोल चौकशी व्हावी" हे वाक्य लिहू नका. त्याने कोणाचंच काही होत नाही. "मोजमाप पुस्तिकेत 300 मीटर गटार नोंदली आहे, जागेवर 180 मीटर आहे, उरलेल्या लांबीचं देयक कोणत्या आधारावर दिलं?" असं विचारा.

निवेदन समितीच्या सदस्याला द्या, त्याच्या प्रतीवर पोहोच घ्या, आणि एक प्रत टपालाने मुंबईला विधानमंडळ सचिवालयाकडे पाठवा. ही शेवटची पायरी आपल्या भागात विशेष पाळावी. मे 2025 मध्ये अंदाज समिती धुळे दौऱ्यावर असताना शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत सुमारे 1 कोटी 84 लाखांची रोकड सापडली आणि त्याची चौकशी लागली. त्या प्रकाराने अनेकांचा समित्यांवरचा विश्वास उडाला, आणि ते दुःख मला समजतं. पण समित्यांकडे पाठ फिरवली तर दौरे बंद होणार नाहीत, फक्त त्यांतून आपण बाहेर पडू. कागद नोंदीत गेला पाहिजे, पोहोचेसह, दोन ठिकाणी.

कागद मिळवायचा कसा

ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गावाच्या नावाने दिसतो. तिथून सुरुवात करा, पैसे लागत नाहीत.

मग सोमवार. राज्य शासनाच्या 2018 च्या निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरीय आणि त्याखालच्या कार्यालयांत, तसंच स्थानिक स्वराज्य संस्थांत, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतो. बऱ्याच कार्यालयांत हे माहीत नसतं, म्हणून निर्णयाची प्रत सोबत न्या. शांतपणे दाखवा. भांडण नको.

जे तिथे मिळणार नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज. 10 रुपये, 30 दिवस. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो, तेव्हा तरतुदीसाठी एक अर्ज, मोजमाप पुस्तिकेसाठी दुसरा. उत्तर आलं नाही तर प्रथम अपील, आणि त्यापुढे आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी राज्य माहिती आयोगाचं नाशिक खंडपीठ. समितीसमोरची साक्ष किंवा सभागृहात अजून न ठेवलेला अहवाल मागू नका. विशेषाधिकाराच्या कलमाखाली नकार येईल. विभागाकडचा मूळ कागद मागा, तो समितीचा नसून कार्यालयाचा असतो.

आमदाराकडे कधी जायचं

खान्देशातून विधानसभेवर 20 आमदार जातात: जळगावचे 11, धुळ्याचे 5, नंदुरबारचे 4. त्यांच्यापैकी कोण कोणत्या समितीवर आहे ते विधिमंडळाच्या संकेतस्थळावर पाहा. तुमच्या मतदारसंघाचा आमदार त्या समितीवर नसेल तर शेजारच्या तालुक्यातला चालतो. पक्ष पाहू नका.

अर्थसंकल्पीय अधिवेशनात कपात सूचना, म्हणजे खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव, देता येते, म्हणून त्या विषयाचे कागद फेब्रुवारीतच पोहोचवा. पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, त्यांत आपल्या प्रकल्पाला काही वाढवून मिळालं का ते पाहा. तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर आमदारांच्या गाडीला हात दाखवणाऱ्याला लक्षवेधीवर समाधान मानावं लागतं. अनेक लोकांचा सामाईक प्रश्न असेल तर विनंती अर्जाचा मार्ग आहे. तो सदस्यामार्फत सभागृहात सादर होतो आणि विनंती अर्ज समिती विभागाला बोलावून उत्तर घेते.

अहवाल आल्यानंतर

समिती आदेश देत नाही, शिफारस करते. विभागाने त्यावर काय कार्यवाही केली हे कळवायचं असतं, आणि ते उत्तर न पटल्यास समिती पुन्हा विचारू शकते. इथेच बहुतेक प्रकरणं थंडावतात, कारण अहवाल सादर झाल्याच्या दिवशी बातमी येते आणि नंतर कोणी विचारत नाही.

अहवाल संकेतस्थळावर आला की आपल्या विषयाच्या शिफारशीचा क्रमांक लिहून ठेवा. तीन-चार महिन्यांनी संबंधित विभागाला माहिती अधिकारात एकच गोष्ट विचारा: अमुक समितीच्या अमुक अहवालातील या क्रमांकाच्या शिफारशीवर केलेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत द्यावी. वसुलीची शिफारस असेल तर वसूल झालेली रक्कम आणि चलनाची तारीखही मागा. आलेलं उत्तर येत्या ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि ते वाचल्याची नोंद इतिवृत्तात आली आहे का हे सही करण्याआधी पाहा.